अर्थव्यवस्था वाढते, मग हाताला काम का मिळत नाही?

उत्तर प्रदेश सचिवालयात २०१५ साली शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या. पात्रता एवढीच, की उमेदवार पाचवी पास असावा आणि त्याला सायकल चालवता यावी. अर्ज आले २३ लाखांच्या वर. अर्जदारांत पदवीधर होते, पदव्युत्तर होते, शिवाय अडीचशेहून अधिक जण पीएचडी झालेले होते. त्याच वर्षी भारताची गणना जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या मोठ्या अर्थव्यवस्थांत होत होती.

दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. अशा दोन बातम्या शेजारीशेजारी वाचल्या की माणूस दोनपैकी एका निष्कर्षाला पोचतो. एक तर सरकारी आकडे खोटे असणार, नाही तर आजच्या मुलांना सरकारी नोकरीशिवाय काही नको असणार. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. त्या २३ लाख जणांनी आणखी एकेक पदवी घेतली असती, इंग्रजी सुधारले असते, मुलाखतीची तयारी केली असती, तरी नोकरी ३६८ जणांनाच लागली असती. कोणाला लागली हे बदलले असते, किती जणांना लागली हे बदलले नसते. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या देशात एकूण कामे किती निघणार, हे ठरते कशावर?

याचे उत्तर स्थूल अर्थशास्त्रात आहे. स्थूल अर्थशास्त्र म्हणजे एकेका माणसाचा किंवा कारखान्याचा नव्हे, तर सगळ्या देशाचे उत्पादन, खर्च, भाव आणि रोजगार यांचा एकत्र विचार. विकसनशील देशांत हे उत्तर श्रीमंत देशांपेक्षा बरेच वेगळे येते आणि तो वेगळेपणा ध्यानात न घेतल्यामुळे आपल्या चर्चा बहुतेक वेळा भलतीकडे जातात.

आधी बेरोजगार कोणाला म्हणायचे ते पाहू

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्याख्या जगभर वापरतात. ज्याने पाहणीच्या आठवड्यात एक तासही कमाईचे काम केले नाही, जो काम शोधतो आहे आणि मिळाल्यास लगेच करायला तयार आहे, तो बेरोजगार. तिन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात. शोधून थकला आणि शोधणे सोडले, तर तो बेरोजगारांत धरला जात नाही, श्रमशक्तीच्या बाहेर जातो. एक तास काम केले तर तो कामगार.

ही व्याख्या जिथे बेकारभत्ता मिळतो तिथे बऱ्यापैकी चालते. तिथला माणूस नोकरी गेली की घरी बसून दुसरी शोधू शकतो. ज्याचे हातावर पोट आहे त्याला बेरोजगार राहणे परवडतच नाही. सकाळी मजूर अड्ड्यावर थैलीत थापी आणि ओळंबा घेऊन उभा राहणारा गवंडी पाहा. सोमवारी काम मिळाले, मंगळवार-बुधवार दुपारपर्यंत वाट पाहून तो परत गेला, गुरुवारी अर्धा दिवस कोणी नेले, शुक्रवार-शनिवार पुन्हा रिकामे. आठवड्याचा हिशेब विचारला तर सरकारी नोंदीत हा गवंडी रोजगारात आहे, आणि नोंद करणाऱ्याची त्यात काही चूक नाही.

म्हणूनच कंबोडियासारख्या देशात बेरोजगारीचा दर एक टक्क्याच्याही खाली दिसतो, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी श्रीमंत असलेल्या दक्षिण आफ्रिकेत तो ३० टक्क्यांच्या वर. कंबोडियात प्रत्येकाला चांगली नोकरी आहे, असा याचा अर्थ नाही. तिथे माणूस काहीतरी करून पोट भरतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र वर्णभेदी राजवटीने काळ्या लोकांकडून जमीन आणि छोटे धंदे हिरावून घेतले, त्यांना शहरांपासून लांब वसवले. त्यामुळे 'काहीतरी करून' भागवण्याचा मार्गही तिथे अरुंद आहे आणि बेकारी उघडी दिसते.

भारताचेच पाहा. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. पण त्याच पाहणीत ५८ टक्क्यांहून अधिक कामगार स्वयंरोजगारात होते, आणि त्यांत घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणारेही मोजलेले असतात. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी श्रमशक्तीत असलेल्यांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून जवळजवळ ४२ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे. पण ती बहुतांशी स्वयंरोजगारातली आणि बिनपगारी मदतनिसांची आहे. कामगार म्हणून नोंद झालेल्या या बायांपैकी पुष्कळ जणींच्या हातात महिनाअखेर एक रुपयाही पडत नाही.

अशा दडलेल्या बेकारीला छुपी बेरोजगारी म्हणतात. हा शब्दप्रयोग जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९३६ साली रूढ केला. मंदीत नोकरी गेलेले लोक रस्त्यावर काड्यापेट्या विकू लागले होते, त्यांच्याविषयी त्या लिहीत होत्या. आपल्याकडे ही स्थिती मंदीतच येते असे नाही, ती बारमाही आहे. तीन एकरांच्या शेतात घरची पाच माणसे राबतात. दोघे शहरात गेले तरी पीक तेवढेच येते. म्हणजे पाचही जण कामात दिसत होते, पण त्यांतल्या दोघांच्या श्रमाने उत्पादनात भर पडत नव्हती. विकसनशील देशाची बेरोजगारी समजून घ्यायची तर बेकारांच्या रांगेपेक्षा या शेताकडे आधी बघावे लागते.

एकाच नावाचे दोन वेगळे आजार

१९३० च्या दशकातल्या महामंदीत ब्रिटन-अमेरिकेत कारखाने उभे होते, यंत्रे तयार होती, कसबी कामगार दारात होते, तरी सगळे ठप्प. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये त्याचे कारण मांडले. लोकांच्या हातात खर्चायला पैसा नाही, म्हणून माल खपत नाही. माल खपत नाही म्हणून कामगार घरी बसतात, आणि ते घरी बसले की खप आणखी घटतो. अशा वेळी सरकारने खर्च करावा. सरकारचा एक रुपया मजुराकडे जाईल, मजुराचा वाण्याकडे, वाण्याचा गिरणीकडे, आणि एका रुपयातून कितीतरी रुपयांची उलाढाल होऊन कामे परत सुरू होतील. या साखळीला गुणक म्हणतात.

मग हेच औषध गरीब देशाला का द्यायचे नाही? नोटा छापाव्यात, कामे काढावीत, बेकारी संपवावी. हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही विचारला गेला, आणि त्याचे उत्तर व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ साली दिले. राव केंब्रिजमध्ये शिकलेले, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संस्थापक. केन्स यांचा गुणक अविकसित देशात ठरल्याप्रमाणे का चालत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मला तरी या विषयावर त्यांची मांडणी आजही सर्वांत उपयोगी वाटते.

आपल्याकडे म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? महामंदीतल्या ब्रिटनच्या आडात पाणी भरपूर होते, रहाट बंद पडला होता. रहाट फिरवला की पाणी वर येणार. गरीब देशाचा आडच पुरेसा खोल खणलेला नसतो. तिथे रहाट कितीही जोरात फिरवला तरी पोहऱ्यात गाळ येतो. अर्थव्यवस्थेतल्या या गाळाचे नाव महागाई.

हे प्रत्यक्षात कसे घडते? सरकारने रस्त्याचे काम काढले आणि हजार मजुरांना मजुरी दिली. अर्धपोटी माणसाच्या हातात पैसा आला की तो आधी धान्य घेतो, मग तेल, डाळ, कपडा. धान्याची मागणी वाढली. पण शेतात धान्य मागणी वाढली म्हणून लगेच वाढत नाही. पाऊस, पाणी, बियाणे, हंगाम यांवर ते अवलंबून असते. धान्य तेवढेच आणि घेणारे जास्त, की भाव चढतात. रस्त्यावरच्या मजुराला दोन घास जास्त मिळाले, ते दुसऱ्या कुठल्या तरी मजुराच्या ताटातून गेले. एकूण रोजगार फारसा वाढला नाही, पण महागाई सगळ्यांच्या माथी आली. मग महागाई आवरायला मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते, कर्ज महागते, छोटा कारखानदार नवे यंत्र घ्यायचे पुढे ढकलतो आणि होती ती कामेही लांबतात.

मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ च्या सुमारास हाच धागा पुढे नेला. मजूर आपली मजुरी ज्या वस्तूंवर खर्च करतो, त्यांना त्यांनी वेतनवस्तू म्हटले. त्यांत धान्य सर्वांत महत्त्वाचे. किती लोकांना काम देता येईल याची मर्यादा तिजोरीत पैसे किती यावर ठरत नाही, वेतनवस्तू किती आहेत यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे. त्याच वेळी दुसरी पंचवार्षिक योजना संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आराखड्यावर पोलाद आणि अवजड यंत्रांकडे वळत होती. यंत्रे बनवणारी यंत्रे आधी उभारा, पुढे सगळे बनवता येईल, हा विचार चुकीचा नव्हता. पण पोलादाचा कारखाना पैसा प्रचंड खातो आणि माणसे त्या मानाने थोडी लावतो. १९६५-६६ आणि १९६६-६७ ला लागोपाठ दुष्काळ पडले तेव्हा देश अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होता, आणि वकील-ब्रह्मानंदांचा इशारा किती खरा होता ते दिसले.

म्हणजे बेरोजगारी दोन प्रकारची. एक मागणी कमी पडल्यामुळे येते. दुसरी येते माणसाला उत्पादक कामाला लावण्यासाठी जे लागते, म्हणजे यंत्र, वीज, पाणी, धान्य, रस्ता, ते अपुरे असल्यामुळे. विकसनशील देशात मुख्य आजार दुसरा. पहिलाही अधूनमधून येतो. भारतात नोटाबंदीनंतर किंवा कोविडच्या टाळेबंदीत कारखाने, दुकाने, हात सगळे होते आणि मागणी कोसळली होती. तेव्हा खर्च वाढवणे योग्यच. कोणत्या वेळी कोणता आजार आहे हे ओळखण्यातच निम्मे यश आहे.

परकीय चलन आटले की कामेही आटतात

गरीब देशाला यंत्रे, खनिज तेल, खते, सुटे भाग बाहेरून आणावे लागतात, आणि बाहेरचा विक्रेता आपला रुपया किंवा नायजेरियाचा नायरा घेत नाही, डॉलर मागतो. डॉलर येतात निर्यातीतून, परदेशी गेलेल्यांनी घरी पाठवलेल्या पैशांतून किंवा कर्जातून. अर्थव्यवस्था जोरात धावू लागली की आयात वाढते. निर्यात त्या वेगाने वाढली नाही तर गंगाजळी आटते, आणि सरकारला वाढ हाताने रोखावी लागते. कामगार आहेत, मागणीही आहे, पण सुटा भाग आणायला डॉलर नाही म्हणून यंत्र उभे.

भारताने हे १९९१ मध्ये अनुभवले. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते आणि सोने गहाण टाकावे लागले. मेक्सिकोचे १९८२ चे संकट तर अधिक बोलके आहे. अमेरिकेत महागाई आवरण्यासाठी पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, १९८१ मध्ये व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेले. लॅटिन अमेरिकी देशांनी डॉलरमध्ये बदलत्या व्याजाची कर्जे काढली होती, त्यांचे हप्ते रातोरात फुगले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नसल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ सगळा खंड त्यात ओढला गेला. ते दशक तिथे 'हरवलेले दशक' म्हणून ओळखले जाते. मेक्सिकोतल्या यंत्रकामगाराची नोकरी गेली ती वॉशिंग्टनमध्ये झालेल्या निर्णयाने. त्याच्या हातचे कसब आदल्या दिवशी होते तेवढेच दुसऱ्या दिवशीही होते.

दक्षिण कोरियासारखा शिस्तीचा देशही यातून सुटला नाही. जुलै १९९७ मध्ये थायलंडचे चलन कोसळले, परकी पैसा सगळ्या आशियातून बाहेर पळाला, आणि कोरियाची बेरोजगारी १९९७ च्या अडीच टक्क्यांवरून पुढच्याच वर्षी सात टक्क्यांवर गेली.

डॉलर फार आले तरी सुखच असते असे नाही. नायजेरियात तेलाआधी कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिडसारखे उंच ढीग रचलेले असत, निर्यातीची वाट पाहत. १९७० च्या दशकात तेलाचे डॉलर धो धो आले, देशाचे चलन महाग झाले, बाहेरचा माल स्वस्त पडू लागला आणि भुईमूग, कोको, पामतेल यांची निर्यात मागे पडली. तेलविहिरीवर काही हजार माणसे पुरतात, शेतीवर लाखो जगतात. नेदरलँड्समध्ये १९५९ साली वायूचे साठे सापडल्यानंतर तिथल्या कारखानदारीला असाच फटका बसला होता, म्हणून याला 'डच आजार' म्हणतात.

शेत सोडलेला माणूस जातो कुठे?

सेंट लुशिया या छोट्या बेटावर जन्मलेल्या आर्थर लुईस या अर्थतज्ज्ञांनी १९५४ मध्ये गरीब देशाच्या प्रगतीचे एक सरळ चित्र मांडले. त्यासाठी १९७९ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले. शेतीत जास्तीची माणसे आहेत. कारखाने निघतात, ते शेतीपेक्षा थोडी जास्त मजुरी देऊन ही माणसे ओढून घेतात. नफ्यातून आणखी कारखाने निघतात. असे होता होता एक दिवस शेतीतली जास्तीची माणसे संपतात, आणि मग सगळ्यांचीच मजुरी वाढू लागते.

दक्षिण कोरियात हे जवळजवळ असेच घडले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले ६० टक्क्यांहून अधिक कामगार शेतीत होते, २००० च्या सुमारास ते दहा टक्क्यांवर आले. सुरुवात झाली ती कापड, विग, प्लायवूड अशा साध्या वस्तूंच्या निर्यातीने. निर्यात होती म्हणून डॉलरची अडचण सुटली आणि देशातली मागणी अपुरी असण्याचा प्रश्नही आला नाही.

बांगलादेशानेही तोच रस्ता धरला. देश गारमेंट्स या कंपनीने १९७९ मध्ये १३० जणांना शिकायला कोरियातल्या देवू कंपनीकडे पाठवले. ते परतले, त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले, आणि आज या उद्योगात सुमारे ४० लाख माणसे काम करतात, त्यांत बहुसंख्य बायका. शिलाईच्या ओळीत उभे राहून पाहिले की हा उद्योग इतकी माणसे का लावतो ते कळते. कापड मऊ असते, सरकते, चुरगळते. बाही खांद्याला जोडताना एका हाताने कापड ताणायचे, दुसऱ्याने सुईखाली वळवायचे. पोलादाचा पत्रा यंत्र पकडू शकते, पण ही बाही अजून माणसाच्याच बोटांना नीट वळवता येते. म्हणून प्रत्येक यंत्रापुढे एक माणूस लागतो, आणि एका यंत्राची किंमत मोठ्या कारखान्याच्या मानाने किरकोळ असते. भांडवल थोडे आणि माणसे पुष्कळ, असा देश ज्या कामात बसतो ते हेच.

भारतात ही वाट अर्धवट राहिली. २०२३-२४ मध्येही ४६ टक्के कामगार शेतीत होते, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा होता अठरा टक्क्यांच्या आसपास. निम्म्याच्या जवळ लोक एक-पंचमांशाहून कमी उत्पन्न वाटून खातात, यापुढे बेरोजगारीचा ३.२ टक्क्यांचा आकडा फार काही सांगत नाही. एकूण कामगारांत वस्तुनिर्माण उद्योगांतल्या कामगारांचा वाटा ११-१२ टक्के. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धापूर्वी तो सुमारे ४५ टक्के होता. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी दाखवले आहे की आजचे बहुतेक विकसनशील देश कारखानदारीचा कळस ब्रिटनपेक्षा फार खालच्या पातळीवर आणि फार कमी उत्पन्न असतानाच गाठतात, आणि तिथून उतरू लागतात. याला ते अकाली निरुद्योगीकरण म्हणतात.

मग आपली वाढ आली कुठून? सॉफ्टवेअर, बँका, दूरसंचार, औषधे, तेलशुद्धी. यांत पैसा मोठा आहे, माणसे थोडी. उत्पादन एक टक्का वाढले तर रोजगार किती टक्के वाढतो, याला रोजगार लवचिकता म्हणतात. ती घटत गेली की विकासदर उत्तम आणि नोकऱ्या जेमतेम, असे चित्र दिसते. यात धोरणाचाही हात आहे. नव्या यंत्रांवर अनुदान, गुंतवणुकीवर करसवलत, मोठ्या उद्योगाला स्वस्त कर्ज, आणि माणूस नेमला की मात्र निरीक्षक, नोंदी, परवाने वाढतात. ज्या देशात यंत्र दुर्मीळ आणि माणसे मुबलक, तिथे सरकारच यंत्र स्वस्त आणि माणूस महाग करते. मला हे आपल्या औद्योगिक धोरणातले सर्वांत मोठे दुखणे वाटते.

शेतातून निघालेला माणूस मग बांधकामावर जातो, सुरक्षारक्षक होतो, मोटारसायकलवर घरोघरी डबे पोचवतो. शेतापेक्षा दोन पैसे जास्त मिळतात. पण लुईस यांच्या चित्रातली पुढची पायरी, म्हणजे कसब वाढत जाणे आणि त्याबरोबर मजुरी वाढत जाणे, या कामांत क्वचितच येते.

शहर बोलावते, पदवी रांगेत उभी करते

शहरात एवढी बेकारी दिसत असताना गावाकडून लोक येतच का राहतात? जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये याचा उलगडा केला. माणूस आजच्या मजुरीकडे बघून येत नाही, मिळू शकणाऱ्या मजुरीकडे बघून येतो. गावात महिना सहा हजार नक्की आणि शहरात पक्क्या नोकरीचे वीस हजार, पण ती मिळण्याची शक्यता निम्मी. तरी सरासरी दहा हजार पडते. म्हणून तो येतो आणि वाट पाहतो. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडू शकते, की शहरात नोकऱ्या वाढवल्या तर बेकारीही वाढते, कारण शक्यता वाढली म्हणून आणखी लोक येतात. केनियात १९६४ साली सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून नोकऱ्या वाढवण्याचा करार केला होता, तेव्हा काम शोधायला येणाऱ्यांची संख्याही फुगली. गावातले उत्पन्न न वाढवता नुसत्या शहरात नोकऱ्या काढून भागत नाही, हा त्याचा अर्थ.

पदवीधरांचेही असेच. इजिप्तमध्ये १९६० च्या दशकात सरकारने प्रत्येक विद्यापीठ पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली. पदवीधर वाढत गेले, जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि पुढे नेमणुकीसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागू लागले. सरकारी आणि बिगरसरकारी नोकरीतली पगाराची, सुरक्षिततेची दरी मोठी असली की पाच वर्षे स्पर्धा परीक्षांत घालवणे हा मूर्खपणा राहत नाही, तो हिशेबी निर्णय होतो. जो बाप मुलाच्या क्लाससाठी जमीन गहाण टाकतो, तोही हाच हिशेब करत असतो. त्या मुलाला आळशी म्हणणे अन्याय आहे.

'पण खरे कारण लोकसंख्या नाही का?'

हा आक्षेप हमखास येतो. प्रत्येक माणूस जन्मताना दोन हात आणतो तसे एक पोटही आणतो, म्हणजे काम मागणारा तोच माल मागणाराही असतो. दक्षिण कोरिया आणि तैवान भारतापेक्षाही दाट वस्तीचे आहेत, तिथे ही बेकारी नाही. तरी या आक्षेपात एक खरा भाग आहे. काम करणारे फार वेगाने वाढले तर दरडोई यंत्रे, वीज, वर्गखोल्या होत्या तेवढ्या राखायलाच मोठी बचत खर्ची पडते, सुधारणेला उरत नाही. लोकसंख्या बेकारी निर्माण करत नाही, ती गुंतवणुकीवरचा ताण वाढवते.

'आणि कौशल्याचा अभाव?'

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, भारतात २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के होती, आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. कौशल्य नसणे हेच मूळ कारण असते तर हे आकडे उलटे असायला हवे होते. अशिक्षित तरुणाला थांबणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधराला घर काही वर्षे पोसते. अनेक पदव्यांचा दर्जा वाईट आहे हे मान्य, आणि मालकांना हवा तसा फिटर, वेल्डर मिळत नाही हेही खरे. पण प्रशिक्षणाने असलेल्या जागा नीट भरतात, नव्या जागा निघत नाहीत. कौशल्य वर्ग काढा आणि जागा निघायची वाट पाहा, अशा धोरणात सगळा दोष तरुणाच्या पदरात जातो.

मग सरकारने काय करावे?

आड खोल करणे हे पहिले काम, आणि ते कंटाळवाणे आहे. सिंचन, वीज, बंदरे, लहान उद्योगाला वेळेवर कर्ज, माणूस नेमणे स्वस्त पडेल असे कर, निर्यातीला सोसेल असा चलनाचा दर. यांतले एकही काम एका निवडणुकीच्या मुदतीत फळ दाखवत नाही, म्हणून ते मागे पडते आणि भरतीच्या घोषणा पुढे येतात.

मग सरकारी खर्चातून रोजगार देणे अगदीच निरर्थक आहे का? नाही, आणि याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशपातळीवर ग्रामीण रोजगाराचा कायदा आला, त्यामागे हाच अनुभव होता. दुष्काळात शेतीची कामे बंद पडतात, म्हणजे मागणीही कोसळलेली असते आणि हातही रिकामे असतात. अशा वेळी राव यांचा आक्षेप बराच सौम्य होतो, पण एका अटीवर. मजुरी जाईल तिथे धान्य पोचले पाहिजे. पुढे हरित क्रांतीनंतर सरकारी गोदामांत धान्याचे साठे झाले तेव्हा 'कामाच्या बदल्यात धान्य' अशा योजना देशभर काढता आल्या, कारण मजुराने खरेदी केली तरी दुसऱ्याच्या ताटातून काही जाणार नव्हते. १९५२ मध्ये जे औषध लागू पडले नसते, ते धान्याचे कोठार भरल्यावर लागू पडू लागले.

त्यातही काम कोणते काढले याला महत्त्व आहे. खडी फोडून ढीग लावले तर मजुरी मिळते आणि तिथेच संपते. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी झाल्या तर पुढच्या वर्षी त्याच गावात दुसरे पीक निघते, आणि खुरपणी-काढणीला माणसे लागतात. ज्या गावांत ही कामे नीट झाली तिथे मजुरांना पुढच्या उन्हाळ्यात हमीच्या कामाची गरज कमी पडते, आणि शेतमालकाला त्यांना जास्त मजुरी द्यावी लागते. यातून कारखान्यातली नोकरी मिळत नाही, ती मागणी या योजनेकडून करूही नये. पण वेतनवस्तू वाढतात, गावातले उत्पन्न वाढते, आणि शहरात जाऊन रांगेत उभे राहायचे की नाही हे ठरवताना माणसाच्या हिशेबातले गावाकडचे सहा हजार आठ हजार होतात.